दोन सह्या आणि एक रानडुक्कर

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकताना आमच्या एका मास्तरांना असा ठसका लागला होता की पाठीवर बुक्के मारावे लागले. आणि फजिती कोणाची? अर्थात माझीच. दुसऱ्याची सांगायला मी काय रिकामटेकडा आहे?

मी नाशकात एका शाळेत हेडक्लार्क. माझ्या हातात शोभतो तो शिक्का. पण घरात आजोबांची बाराबोरची बंदूक होती, रीतसर लायसन्सची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. वीस वर्षं तिला दुसरं काम नव्हतं. बायको म्हणायची, "तुमची बंदूक फक्त निवडणुकाच लढवते."

तर त्या वर्षी नांदगावकडच्या एका गावात रानडुकराने मक्याचा पार चुथडा केला. गावाने अर्ज केला, वनखात्याने एक डुक्कर मारायचा परवाना दिला, आणि लायसन्सवाला माणूस म्हणून ओळखीतून त्यावर माझं नाव लागलं. मग काय विचारता! आठ दिवस मी स्टाफरूममध्ये छाती काढून फिरलो. "सोमवारी येईन तो डुक्कर पाडूनच," असं शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

अट एकच होती. ज्यांच्या शेतात बसणार त्या मालकांची लेखी संमती हवी. आणि डुक्कर ये-जा करायचं ते दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधून. थोरले दगडूनाना, धाकटा शांताराम. मधल्या बांधावरून अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद. एकाने हो म्हटलं की दुसरा नाही म्हणणार, हे गावातलं पोरसुद्धा सांगेल. परवाना रविवारपर्यंतच. शनिवारी दोन्ही सह्या मिळाल्या नाहीत तर सोमवारी शाळेत माझी बिनपाण्याची होणार, हे नक्की.

आता एक गोष्ट मला नंतर कळली, ती तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. त्याच शनिवारी त्या बांधाची सरकारी मोजणी व्हायची होती. दोघे भाऊ सकाळपासून मोजणीवाल्याची वाट बघत होते. आणि यष्टीतून उतरलो कोण? मी. खाकी पँट, डोक्यावर टोपी, काखेत फाइल आणि खांद्यावर कापडी खोळीत घातलेली लांबलचक वस्तू.

"या साहेब, या," नाना धावतच पुढे आले. "डोळं लागलं होतं तुमच्या वाटंकडं."

मी फुगलो. शिकाऱ्याला मान असतो हो गावात! "नाना, एका कामासाठी आलोय. परवानगी हवी होती."

"आमची कसली परवानगी घेता? एकदाचं निकाली काढा म्हंजे झालं."

आता तुम्ही म्हणाल, डुक्कर मारायला आलोय असं सरळ का नाही सांगितलं? तर आमच्या आजोबांचा नियम. शिकारीला निघालं की जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की ते त्या वाटेला फिरकत नाही. मी नियम पाळला. इतका कडक पाळला की बस.

"दोन्हीकडं सारखं बघा एवढंच म्हणणं," नाना म्हणाले.

"मी दोन्हीकडे बघणारच. ते कुठून निघेल काय सांगावं?"

नानांनी मान डोलावली आणि मला पिठलं-भाकरी वाढली. ती हाणून मी शांतारामकडे गेलो. तिथे चुलीवर कोंबडी शिजत होती.

"नानाकडं जेवलात?" शांतारामने विचारलं.

"पोटभर."

"मग हितं बी पोटभर जेवा. नायतर वजन तिकडं पडंल."

मला वाटलं, माझ्या पोटाची काळजी करतोय बिचारा. मी दुसऱ्यांदा जेवलो. कोंबडी झकास होती, खोटं कशाला बोलू?

जेवून दोघांना घेऊन शेतात उतरलो. म्हणजे नाना माझ्या डावीकडे, शांताराम उजवीकडे, एकमेकांकडे न बघता. दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून बांध उरलाच नव्हता. पण त्याच जागेवरून डुकराच्या खुरांची वाट सरळ दिसत होती. दुसऱ्या दिवशी कुठे दबा धरायचा ते ठरवायला मी त्या वाटेवर दर चार पावलांनी एकेक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, खोचत निघालो. बाभळीपाशी वाट शांतारामच्या शेतात वळली होती, तिथेही एक खोचली. दोघे टक लावून बघत होते. विहिरीपाशी खूर नानांच्या मक्यात वळले होते. मी तिथे तुराटी खोचली आणि म्हणालो, "इथे आत शिरलंय."

नानांचा चेहरा उतरला. "लय शिरलंय का?"

"चांगलं दोन हात. आणि हे आजचं नाही. बरेच दिवस चाललंय."

नाना मटकन खाली बसले. "साहेब, तुमच्यापासून काय लपवायचं? दरसाल नांगरताना मीच शांतारामचं एकेक तास आत घेतलं."

नांगराच्या तासाचा, म्हणजे सरीचा, माझ्या कामाशी काय संबंध, मला कळेना. तेवढ्यात शांतारामही पुढे आला. "नाना, बाभळीकडं मी बी तेच केलंय. साहेबांनी ते बी धरलं की."

आणि काय सांगू, दोघांनी एकमेकांना मिठी मारली! अकरा वर्षांनी! मीही डोळे पुसले. म्हटलं, काय हा शिकाऱ्याचा दरारा! तवा तापला होता, मी फाइल उघडली. "वाचून दाखवू?"

"वाचायचं काय त्यात? तुमी खोचलं ते आमाला मंजूर," म्हणत दोघांनी सह्या केल्या. एकाच पेनने.

जिंकलो होतो मी! दोन्ही सह्या खिशात. त्या आनंदात खोळ सोडली आणि बंदूक बाहेर काढली.

शांताराम टुणकन उडी मारून नानांच्या पाठीमागे लपला. "साहेब, आता सही केली ना? मग बंदूक कशाला?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. कोण मी, आलो कशाला, सगळं सांगितलं.

"मंजी ही रेघ..." शांताराम तुराट्यांकडे बघत म्हणाला.

"डुकराची," मी म्हणालो. नियम मोडला शेवटी.

मला वाटलं, आता दोघे मिळून मला विहिरीत टाकणार. पण नाना जे हसायला लागले ते थांबेचनात. "अकरा वर्सं पंच बसले, पावणे बसले, कुणाला जमलं नाय. आन डुकरानं मिटवलं!"

चार वाजता खरा मोजणीवाला आला. त्याला नानांनी चहा पाजून परत पाठवलं. "मोजणी झाली," म्हणाले. तो माझ्याकडे आणि बंदुकीकडे बघत बघतच गेला.

"बरं नाना," मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी मी या बाभळीखाली बसतो."

"कशाला?"

"मारायला."

"पंचाला मारता व्हय?" नानांनी माझ्या खिशातला कागद हळूच काढून घेतला आणि आपल्या बंडीत ठेवला.

"अहो, पण तुमचा मका?"

"खाऊ द्या थोडा," शांताराम म्हणाला. "मोजणीची फी समजू."

सोमवारी शाळेत गेलो तो मान ताठ ठेवूनच. डुक्कर राहिलं बाजूला, मी अकरा वर्षांचं भाऊबंदकीचं भांडण मिटवलं होतं, आणि हे सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. लोक थक्क झाले. मास्तर मंडळींनी माझ्या नावाने भजी मागवली.

पुढच्याच आठवड्यात एक फेटेवाला माणूस थेट स्टाफरूमच्या दारात उभा. "बांधाचं भांडण मिटवणारं साहेब हितंच असत्यात ना?"

मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि कॉलर सरळ केली. "मीच तो. बोला."

"आमचं बी भावाभावाचं तसंच हाय, साहेब. लय वर्सं झाली."

"काही काळजी करू नका. कधी येऊ?"

"नाय, नाय, तुमी कशाला तरास घेता?" तो हात जोडून म्हणाला. "ते डुक्कर तेवढं कुठं गाठ पडंल, सांगा."