दसऱ्याचं जास्तीचं ऑइल

दसऱ्याच्या दिवशी मी काकांच्या व्हॅनच्या इंजिनात ऑइलचा एक अख्खा डबा जास्त ओतला.

कमी होतं म्हणून नाही. ऑइल मोजायची पट्टी ओढून मी नीट पाहिलं होतं. ऑइल वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं होतं. पण सणाच्या दिवशी ताटात मोजून तेवढंच वाढायचं, ही काही आमच्या घरची रीत नव्हे. काकांचं आयुष्य गिरणीत मागावर गेलेलं. दसऱ्याला तिथे माग धुऊनपुसून, तेल पाजून, झेंडूच्या माळा घालून पूजत. लहानपणी मी ते बघायला जायचो, आणि तेल वाहून खाली ओघळ आला की पूजा मनापासून झाली, एवढं यंत्रशास्त्र तिथून शिकून आलो होतो. व्हॅनला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि उरलेली भक्ती इंजिनात ओतली.

संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झाली, पण काकांना आत बोलावणं आलं नाही. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यात त्यांनी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. पेट्रोल झेपेना, म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून एक जपानी टर्बो डिझेल इंजिन शोधून तिच्यात बसवून घेतलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुलुंडच्या आमच्या गल्लीत तोवर टर्बो हा शब्द कुणी ऐकला नव्हता. मी घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिंग करायचो, म्हणजे इंग्रजी वाचणारा घरात मीच. इंजिनावरची पितळी पट्टी मी तोंडपाठ केली आणि येईल त्याला ऐकवायला लागलो. चार सिलिंडर, अडीच लिटर. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा गरगर फिरतो, तो इंजिनात जादा हवा कोंबतो, की तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. काकी म्हणायच्या, "याला चहा द्या नि थांबवा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांची परीक्षा होती. साकीनाक्याच्या एका औषध कंपनीला मुलुंडच्या कारखान्यातून रोज काचेच्या बाटल्या आणायला गाडी हवी होती. कंपनीचे खरेदीचे साहेब त्या दिवशी स्वतः गाडीत बसून येणार होते. भंगारातल्या इंजिनावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. हे काम मिळालं तर काकांना रोजचा धंदा. नाही मिळालं तर गाडी दारात उभी, आणि काका तिच्याकडे बघत ओट्यावर.

मी ऑफिसला दांडी मारली. इंजिनाची माहिती द्यायला कुणीतरी हवं ना.

काका स्टिअरिंगवर, साहेब खिडकीशी आणि मधे मी. त्या व्हॅनमध्ये इंजिन दोन सीटांच्या मधोमध असायचं, वर पत्र्याचं झाकण, त्यावर घडी केलेली चादर. मी अक्षरशः इंजिनावर बसलो होतो. मागे खोक्यांत बाटल्या किणकिणत होत्या.

"गरम होतंय का हे?" साहेबांनी झाकणाकडे बघून विचारलं.

"टर्बोचं वैशिष्ट्यच आहे ते," मी म्हणालो. बुडाला बसणारे चटके मी वैशिष्ट्यात धरत होतो.

"मागे धूर दिसतोय."

"जोर लावतंय साहेब."

काकांची नजर रस्त्यावर होती. त्यांचा एक कान झाकणाकडे होता.

घाटकोपर मागे पडलं आणि असल्फ्याचा चढ लागला. काकांनी गिअर उतरवला, अॅक्सिलरेटर दाबला. अर्धा चढ झाला असेल. पुढे हातगाडी आडवी आली म्हणून काकांनी पाय काढला, आणि इंजिनाचा आवाज कमी होण्याऐवजी वाढला.

"काय रे ह्यां?" काका म्हणाले. घाबरले की त्यांची मालवणी वर यायची.

त्यांनी क्लच दाबून ब्रेक मारला. गाडी थांबली, इंजिन मोकळं सुटलं. आवाज चढत गेला, चढतच गेला. झाकण माझ्याखाली थरथरायला लागलं. मागे एवढा निळा-पांढरा धूर की रस्ता दिसेना. काकांनी चावी फिरवली. काही नाही.

मी चावी उपसून काढली आणि त्यांना दाखवली. "काका, चावी माझ्या हातात आहे."

"मग चालतंय कशावर ते?"

याचं उत्तर पितळी पट्टीवर नव्हतं. साहेब दार उघडून उतरले आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने रस्त्यापलीकडे गेले. कुणीतरी ओरडलं, "फटेगा, फटेगा." मलाही उतरायचं होतं, पण एका बाजूला काका, आणि दुसरीकडच्या मोकळ्या सीटपर्यंत सरकायचं माझ्या पायांना सुचेना.

"हँडब्रेक ओढ," काका म्हणाले. "दोन्ही हातांनी. सोडू नको, मेल्या."

मी लोंबकळलो त्याला. काकांनी ब्रेकवर सगळं वजन टाकलं, गिअर थेट वरचा टाकला आणि क्लचवरचा पाय सोडून दिला. गाडीने एक आचका दिला. बाटल्या एकदम वाजल्या. इंजिन अडखळलं, दोनदा ठोकलं आणि मेलं.

काकांचे हात स्टिअरिंगवरच होते. ते म्हणाले, "संपलं असेल, तर तुझ्या काकीक तूच सांग."

चढावरच एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री हात पुसत आला, धुराचा वास घेतला आणि विचारलं, "तेल कम था क्या?"

"कम?" मला रागच आला. "कल ही मैंने पूरा डिब्बा एक्स्ट्रा डाला है."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. काकाही. रस्ता ओलांडून परत आलेले साहेबही. मग मिस्त्रीने सांगितलं की जागा उरली नाही म्हणून ऑइल हवेच्या नळीतून टर्बोत चढलं, आणि इंजिन डिझेल सोडून तेच पीत सुटलं. म्हणून चावीला जुमानत नव्हतं.

त्याने खालचा बोल्ट सैल करून ऑइल काढलं. काढतोय, काढतोय, संपेचना. नळ्या पुसल्या, पट्टी दोनदा पाहिली. "अब देखो. नसीब."

काकांनी चावी माझ्याकडून मागून घेतली. फिरवली. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा फिरवली. ढगभर धूर टाकून ते लागलं, आणि हळूहळू त्याचा आवाज रोजच्या कुरकुरीवर आला. काका अॅक्सिलरेटरला पाय न लावता ते ऐकत बसले. मी बोललो नाही, हे त्या दिवशी मी केलेलं एकमेव शहाणपण.

साकीनाक्याला साहेबांनी स्वतः खोकी उघडून घेतली. बाटल्या एकेक उचलून उजेडात धरल्या. एकही तडकलेली नव्हती. मग ते व्हॅनपाशी आले आणि चालू असलेल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मी काकांच्या.

"एवढं होऊन चालतंय म्हणजे इंजिन दमदार आहे," साहेब काकांना म्हणाले. "तुमचा हातही. उद्यापासून गाडी लावा."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, आपणच आभार मानावेत. मी पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, तांत्रिक काही लागलं तर मी रोज सोबत येत जाईन."

साहेबांनी काकांकडेच बघत सांगितलं, "हा नको."