मामाच्या शिष्यवृत्तीचं पत्र

मामाला मी आवडत नव्हते आणि मला मामा. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. तरी रोज दुपारी तीन ते सहा आम्ही दोघं एका खाटेवर बसायचो, कारण त्याला दिसत नव्हतं आणि मला वाचता येत होतं.

राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा माझे वडील नागपूरला सचिवालयात कारकून होते. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची कचेरी भोपाळला आली आणि कचेरीबरोबर आम्ही. डोंगर फोडून नवी वसाहत बसवत होते, तिथे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. दिवसभर सुरुंगांचे आवाज, घरात दगडाची पूड. मामा आईचा धाकटा भाऊ. कॉलेजात इंटरला असताना त्याच्या डोळ्यांच्या नसा वाळत गेल्या आणि दीड वर्षात उजेड पार गेला. आईचे वडील वारल्यावर त्याला दुसरं घर उरलं नाही. सामानाच्या ट्रकबरोबर तोही आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल.

त्याला बी.ए. व्हायचं होतं. मी नववीत होते. शाळेतून आले की त्याची इतिहासाची आणि इंग्रजीची पुस्तकं वाचून दाखवायची. उच्चार चुकला की तो बोटांच्या पेरांनी खाटेच्या लाकडावर टकटक करायचा. मी पुन्हा वाचायची. पुन्हा टकटक.

"काय वाचून राहिली तू? वाक्य आहे ते. ज्वारीचं पोतं ओढत नेल्यासारखं काय वाचतेस?"

"मग तूच वाच," असं मी एकदा म्हणाले. आईने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही.

अंध आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी सरकारची शिष्यवृत्ती होती. फी, राहण्याचा खर्च आणि अंधांना वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता. मामाला ते नागपूरलाच कळलं होतं. भोपाळला येताच त्याने मला अर्ज लिहायला बसवलं. कचेरीतल्या बाबूने तो वरवर पाहून परत दिला. "जन्म नागपुर का, स्कूल नागपुर का, कॉलेज नागपुर का. नागपुर तो अब बंबई में गया. वहीं अप्लाई कीजिए." आम्ही मुंबईला अर्ज पाठवला. तिकडून दोन ओळी आल्या, की अर्जदार सध्या या राज्यात राहत नसल्यामुळे विचार करता येत नाही. ते ऐकून मामा म्हणाला, "आंधळा कोणत्या राज्याचा ते ठरेपर्यंत मी म्हातारा होतो बहुतेक." मग त्याने एकामागून एक पत्रं सांगितली आणि मी ती लिहिली. एकाही पत्रात 'कृपा करून' हा शब्द त्याने येऊ दिला नाही.

शेवटी भोपाळचीच कचेरी अर्ज घ्यायला तयार झाली, पण त्याला एक कागद जोडायचा होता. पालकाने लिहून द्यायचं होतं, की याच्या शिक्षणाचा भार उचलायची माझी ऐपत नाही.

वडिलांनी तो कागद वाचून चटईवर टाकला. "हे मी लिहून देऊ? आणि तेही माझ्याच साहेबांच्या टेबलावरून जाणार? सगळं खातं म्हणेल, मेव्हण्याला दोन घास घालवत नाहीत याच्याने."

"घालवतात की नाही ते मला रोज पानावर कळतंच," मामा म्हणाला.

आई चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर इतक्या जोरात आपटली की ती मधोमध फाटली. वडिलांनी आठ दिवस सही केली नाही. नवव्या दिवशी केली, पण त्यानंतर ते मामाशी थेट बोलले नाहीत. बोलायचं झालं तर आईला सांगायचे आणि मामा शेजारीच बसलेला असायचा.

त्याच सुमारास आमच्या शाळेत गणिताच्या बाईंनी पुढे मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींसाठी शाळा सुटल्यावर तास सुरू केला. मला गणित आवडायचं. खरं तर मला तेवढं एकच काही चांगलं येत होतं. मी आईला विचारलं. ती मामाकडे बघत म्हणाली, "त्याचं वाचन कोण करेल?"

"एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

"एक कशाला? शिष्यवृत्ती मिळाली की बी.ए. होईपर्यंत तूच वाचायचं. बाहेरचा माणूस कशाला? तो वरचा भत्ता तेवढाच घरात येईल. तुझं काय गं, तुझं लग्न होईल. त्याचं आयुष्य आहे."

मामाला हे ऐकू गेलं होतं. त्याने एक शब्द काढला असता तर आईने ऐकलं असतं. तो म्हणाला, "कालचं पान काढ."

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. आई शेजारी गेली होती. पोस्टमनने लांबट सरकारी पाकीट माझ्या हातात दिलं. आतून मामाचा आवाज आला, "टपाल आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "पाणी मागत होता."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन मी ते वाचलं. मामाला निवड समितीपुढे बोलावलं होतं. तारीख, वेळ, डॉक्टरांची तपासणी, मूळ दाखले घेऊन यावे. मी ते दोनदा वाचलं. शेगडीवर चहाचं आधण होतं. मी पातेलं उतरवलं, कागद निखाऱ्यावर ठेवला, त्यावर पाकीट ठेवलं. माझा हात कापला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत असे, की मी भांबावले होते. मी भांबावले नव्हते.

"काय जळतंय?" मामाने विचारलं.

"चहा उतू गेला."

"उतू गेल्याचा वास नाही हा."

मी पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. त्याने पुढे विचारलं नाही. त्या दिवशी मी एकही चूक न करता वाचलं.

समितीची तारीख निघून गेली. त्यानंतर महिन्याभराने मामा म्हणाला, "चल, कचेरीत जाऊन येऊ." नेणार मीच. टांग्यातून उतरून त्याचा हात माझ्या खांद्यावर आणि आम्ही दोघं त्याच बाबूसमोर उभे. बाबूने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि त्याला जणू आनंदच झाला.

"आपको तो बुलाया गया था. आप आए ही नहीं. अब सरकार क्या गोद में उठाकर लाए? ये देखिए, डिस्पैच में चढ़ा है."

"मुझे दिखाने से क्या फायदा?" मामा म्हणाला.

तो 'बघ' असं मला म्हणेल, असं मला वाटलं. त्याने सांगितलं नाही. त्याचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. घाईने नाही, झटका देऊनही नाही. मग तो बाबूला म्हणाला, "चिट्ठी घर तक आई होगी. मुझ तक नहीं आई."

बाहेर उतार होता आणि रस्त्याच्या कडेला इमारतीसाठी फोडलेल्या दगडांचे ढीग होते. तो काठीने चाचपत एकटाच निघाला. मी मागे होते. दुसऱ्या ढिगाशी त्याचा पाय अडकला आणि तो गुडघ्यांवर पडला. मी धावले.

"हात लावू नकोस."

धोतराला रक्त लागलं होतं. टांगेवाल्याने उतरून त्याला उठवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की कसली मुलगी आहे ही.

घरी तो आईला म्हणाला, की जागा भरल्या, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. दोन दिवस मी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो एकटा असताना मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी चाहूल त्याला लगेच कळायची.

"मी सांगणार नाही," तो म्हणाला. "तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. मी या घराला जड झालोय हे तुझ्या आईला नवऱ्याकडून रोज कळतं. पोरीकडूनही कळायला नको."

"मामा, मला गणिताच्या तासाला—"

"मला ठाऊक आहे तुला काय हवं होतं. जा."

पुढच्या वर्षी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. वाचायला त्याने एक म्हातारे मियाँ ठेवले. ते नवाबी अमलात कुठल्याशा दफ्तरात होते, राज्य विलीन झाल्यावर घरी बसले होते. इंग्रजी फार सुरेख. ते त्याला 'प्रोफेसर साहब' म्हणायचे. आई चिडली, "घरात मुलगी असताना बाहेर पैसे कशाला द्यायचे?"

"तिला वाचता येत नाही," मामा म्हणाला.

मला माझ्या दुपारी मिळाल्या. मी तासाला गेले, मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली आले. जे हवं होतं ते सगळं मिळालं. संध्याकाळी परत येताना ओट्यावरून त्या म्हाताऱ्यांचा आवाज आणि मामाचं हसणं ऐकू यायचं. मी आत गेले की हसणं थांबायचं.

तो बी.ए. झाला, जबलपूरला अंधांच्या शाळेत मास्तर झाला आणि पुन्हा कधी आमच्याकडे राहिला नाही. माझ्या लग्नाला आला, अक्षता टाकल्या, न जेवता गाडीला गेला. त्याला पत्र लिहून माफी मागावी असं कितीदा मनात आलं. पण ते पत्र त्याला कुणीतरी वाचून दाखवणार. माझा गुन्हा आधी परक्या माणसाला कळणार, मग त्याला. ते मला जमलं नाही.

तो आजारी आहे असं कळल्यावर मी गेले. नोकरीतून निवृत्त झाला होता, एका खोलीत राहत होता. मी त्याच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं, शेगडीपासून. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"हो."

"तेव्हा तू लहान होतीस असं मी म्हणावं, अशी तुझी अपेक्षा असेल. पंधरा वर्षांची होतीस. मी पंधराव्या वर्षी चांगला शहाणा होतो."

मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांनी, त्या अवस्थेतही, आला. मी म्हणाले, "तूही आईला एक शब्द बोलला नाहीस. माझ्यासाठी."

"नाही बोललो," तो म्हणाला. "मला वाचणारं माणूस हवं होतं."

उशाशी त्या दिवसाचं वर्तमानपत्र होतं, घडी न मोडलेलं. दुसरं काय करावं ते न सुचून मी ते उघडलं आणि पहिली बातमी वाचायला लागले.

"राहू दे," तो म्हणाला. "चारला येतो वाचणारा."

तेव्हा अडीच वाजले होते. मी पेपर होता तसा मिटून ठेवला आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले.