पुरुष नातेवाईकांनी बाहेर थांबावे

मुलीला दवाखान्यात भरती केल्याचा निरोप मला वॉकीटॉकीवर मिळाला. आलापल्लीच्या पुढे ज्या जंगलात मी वनरक्षक होते, तिथं मोबाइलला रेंज नसे. आम्ही रोपवनात सागाची रोपं लावून घेत होतो. पाऊस नुकताच उघडला होता, मजूर बाया चिखलात ओळीनं वाकलेल्या होत्या. खरखरत आवाज आला, की चंद्रपूरहून रेंज ऑफिसला घरचा फोन होता, पोरीला डेंग्यू झालाय, या म्हणाले.

माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. 'तिचे बाबा आहेत तिथं' एवढंच मनात आलं. मी हातातलं रोप खड्ड्यात नीट बसवलं, भोवतीची माती दाबली आणि मग उठले. माझ्यासोबतच्या वनपालांची पोरं आजारी पडत तेव्हा तेही असेच हातातलं काम संपवून उठत. त्यांना कुणी काही म्हणत नसे. मलाही कुणी काही म्हटलं नाही. पण बस निघाली आणि त्या रोपाभोवतीची माती दाबणारे माझे हात मला दिसू लागले, ते चंद्रपूर येईपर्यंत.

आमचं लग्न झालं तेव्हा मुलीच्या बाबांचं चंद्रपुरात दुकान होतं. कूलर दुरुस्ती आणि मोटर वाइंडिंग. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे अशा दुकानाची सुगीच. मार्च लागला की लोक डोक्यावर, हातगाडीवर, ऑटोत घालून कूलर आणत, आणि ते जेवायलाही उठत नसत. जंगलाला वणवा लागायचे दिवसही नेमके तेच. मुलगी वर्षाची झाली आणि उन्हाळा आला. सुट्टी मागायची माझी सोय नव्हती. सासूबाई गावी धाकट्या दिराकडे राहत, तिथं शेती होती, त्यांनाही येता येत नव्हतं. मग मुलगी दुकानात राहू लागली. एका रिकाम्या कूलरच्या डब्यात गोधडी घालून ते तिला झोपवत. एकदा पत्र्याची कड तिच्या तळहातात घुसली. त्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं.

मी आलापल्लीला येऊन फोन केला तेव्हा मला सांगितलं. "शटर ओढलं मी. घरीच करीन जे जमते ते."

"अहो, ऐन सीझनमधी?" मी म्हणाले.

"सीझन पुढच्या सालीही येईन. पोरगी काही पुन्यांदा लहान होत नाई."

मी गप्प बसले. त्यांना वाटलं, मी रडतेय. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर घर त्यांचं झालं. ओसरीत एखाददुसरी मोटर उघडलेली असे आणि शेजारी दोरीवर मुलीचे कपडे. वेणी घालायला ते शेजारच्या बाईकडून शिकले. सुरुवातीला तांब्याच्या तारेवर सराव केला म्हणे. मी पंधरवड्यातून एकदा येई. बॅग ठेवली की तडक मोरीत जाऊन भांडी घासायला बसे.

"अवं, ते धुतलेले आहेत," ते म्हणत.

तरी मी घासायचे. स्वयंपाकघरातले डबे माझ्या पद्धतीनं लावायचे. मी गेल्यावर ते पुन्हा आपल्या पद्धतीनं लावत असणार, कारण पुढच्या खेपेला मला डबे त्यांच्याच पद्धतीनं लावलेले दिसत.

रविवारी दुपारी परतीची बस धरायची. मुलगी बाबांच्या कडेवरून हात हलवी, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येई. ते खोटं नव्हतं. पण गोंडपिपरी मागे पडलं, दोन्ही बाजूंनी झाडी आली, की छाती मोकळी व्हायची. मी बसमध्ये सरळ होऊन बसायचे. मला ते जंगल आवडायचं, एकटीनं बीट, मला नेमून दिलेलं जंगल, फिरणं आवडायचं, संध्याकाळी फक्त स्वतःपुरता भात टाकणं आवडायचं. नोकरीसाठी लेकराला सोडून राहावं लागतं म्हणून बाया माझी कीव करत. मी ती मुकाट्यानं घ्यायचे. ही कीव माझ्या हक्काची नाही, हे मला कळत होतं.

त्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. लहान मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. तिथंच तान्ह्या बाळांच्या आयाही असत, म्हणून दारावर पाटी होती: पुरुष नातेवाईकांनी बाहेर थांबावे. मुलगी खिडकीजवळच्या खाटेवर होती. सहा वर्षांची पोर, चादरीत मावेल एवढीशी झाली होती. हाताला सलाइन. तिचे बाबा उशाशी स्टुलावर बसून तिला चमच्यानं नारळपाणी पाजत होते.

मी दिसताच सिस्टर म्हणाल्या, "आल्या का आई? बरं झालं. भाऊ, आता तुमी बाहेर. आई येईपर्यंतच राहू देल्लं होतं तुमाले."

म्हणजे मी आले, आणि त्यामुळे त्यांना जावं लागलं. ते उठले. चमचा माझ्या हातात दिला. "थोडं थोडं पाज. घाई केली का उलटी करते," म्हणाले आणि खाली गेले.

मी पाजलं. तिनं उलटी केली. मी तिचं तोंड पुसलं, कपडे बदलले, तेवढं मला येत होतं. मग रक्त घ्यायला एक मुलगी ट्रे घेऊन आली. सुई पाहून आमची रडू लागली.

"कूलर लाव," ती म्हणाली. "कूलर लाव ना!"

मी वर पाहिलं. पंखा चालू होता. "इथी कूलर नाई बेटा. पंखा आहे ना."

"कूलर लाव!" ती पाय झाडू लागली. सलाइनची नळी हलली. मी सिस्टरला विचारलं, पंखा वाढवता येईल का. शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम मुलगी होती, तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेली. ती म्हणाली, "वो पंखा नहीं बोल रही दीदी. कल इसके पापा कुछ करते थे मुँह से."

मी खिडकीशी गेले. खाली अंगणात कडुनिंबाला पार होता, आणि त्यावर वॉर्डातल्या पोरांचे बाप बसले होते. मुलीचे बाबाही त्यांत होते, माझ्या खिडकीकडेच पाहत होते.

"अहो," मी ओरडले, "कूलर लाव म्हनते ते. कूलर म्हंजे काय?"

पारावरची सगळी माणसं वर पाहू लागली. मुलीचे बाबा उठून उभे राहिले. जराही न लाजता त्यांनी गाल फुगवले आणि घूंऽऽ असा आवाज काढत समोर फुंकर मारली. मान डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "कपायावर मार," खालून ओरडून म्हणाले. "अन् मोटरचे पार्ट विचार तिले. ते सांगत राह्यते, तवरिक सुई होऊन जाते."

मी येऊन तिच्या कपाळावर फुंकर मारली. घूं केलं. पार्ट कोणते विचारायचे ते मला माहीत नव्हते. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुहा कूलर खराब आहे."

ट्रेवाली मुलगी हसली. मीही हसले. आणि हसता हसता मला असं रडू फुटलं, की पोर आपलं रडणं थांबवून माझ्याकडे पाहू लागली.

मी डोळे पुसून सिस्टरकडे गेले. "सिस्टर, हिच्या बाबाले येऊ द्या. मी जाते बाहेर."

"असं कसं? बायांचा वॉर्ड आहे मॅडम. तुमी आई हाय ना?"

"आई आहे. पण मले नाई जमून राह्यलं."

वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेलं असणार. कोपऱ्यातली एक म्हातारी डोळे बारीक करून माझ्या खाकी पँटकडे पाहत होती. मी वर्दीवरच आले होते. सिस्टर काही बोलण्याआधीच शेजारची मुलगी म्हणाली, "आने दो ना सिस्टर. मैं उधर मुँह करके ओढनी ले लूँगी." सिस्टरनं इकडेतिकडे पाहिलं. "मधी पडदा लावते. मोठे डॉक्टर यायच्या आधी निघाचं पन."

ते वर गेले, मी खाली आले. पारावर त्यांची जागा रिकामी होती, तिथं बसले. वरून घूंऽऽ आवाज आला, आणि थोड्या वेळानं मुलीचा बारीक आवाज, "शाफ्ट... बेअरिंग..." मग रडणं थांबलं.

शेजारी एक तरुण बसला होता, मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी घेऊन. वर शेजारच्या खाटेवर बाळ घेऊन बसलेल्या मुलीचाच नवरा. गादी-रजईचं काम करायचा. तो बराच वेळ घुटमळून म्हणाला, "भाभी, तुमी बाहेर कशा?"

"पोरगी त्यांच्यापाशी शांत राह्यते."

"मला तर आपलं बाळ धराले बी येत नाही," तो म्हणाला. "जो तो म्हणते, तू पाडशील. मग मी पिशवीच धरून राह्यतो."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. गेटबाहेरच्या ठेल्यावर गेले आणि तर्री-पोहे घेतले. एक प्लेट संपवून दुसरी मागितली. लिंबू पिळून, कांदा घेऊन, चवीनं खाल्ले. दुसऱ्या प्लेटच्या मधेच लक्षात आलं, की वर माझी लेक सलाइनवर आहे आणि मी तर्री आणखी टाका म्हणतेय. तरी मी पोहे टाकले नाहीत. संपवले.

परत येते तो सासूबाई गावाहून आल्या होत्या, हातात डबा. पारावर मला पाहून थबकल्या. "तू इथी? अन् पोरीपाशी कोन आहे?"

"तिचे बाबा."

"बायांच्या वॉर्डात? अन् तू मानसांत बसून राह्यली?"

मी मान खाली घातली. आता त्या बोलतील ते ऐकून घ्यायचं ठरवलं. त्या पारावर टेकल्या, डबा बाजूला ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"हा लहान होता तवा याले गोवर झाला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यापासून उठलीच नाई. याचा बाप भाईर बिडी पीत बसे. मले वाटे, मीबी जाऊन बसावं भाईर थोडा वेळ. वारा लागन अंगाले. कोनी उठ म्हनलंच नाई."

त्या मला बोल लावत होत्या की आपलंच काही सांगत होत्या, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायला त्या राहिल्या नाहीत. मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला.

मुलगी बरी झाली. मी सुट्टी वाढवून घेतली आणि घरी राहिले. ते पहिला अख्खा दिवस झोपून होते, इतके दमले होते. मी स्वयंपाक केला, मुलीला भरवलं, आणि या खेपेला डबे होते तिथंच ठेवले. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "बदलीसाठी अर्ज करते. इकडं शहरात कार्यालयात मिळाली तर पाहते."

ते ओसरीत मोटर उघडून बसले होते. "काऊन?"

"पोरीसाठी. तुमच्यासाठी."

"पोरगी ठीक आहे," ते म्हणाले. "अन् तुले तिथीच बरं वाटते. मले माईत आहे ना."

आजवर मला वाटत होतं, गोंडपिपरीनंतर माझी छाती मोकळी होते हे फक्त मलाच ठाऊक आहे.

"अन् तुमाले?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारलंच नव्हतं.

ते तार गुंडाळत राहिले. म्हणाले, "मले कदी कदी दुकान आठवते." एवढंच. आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला भांडता आलं असतं.

मी अर्ज केला. मुलगी पाचवीत गेली तेव्हा सिंदेवाहीकडे बदली झाली. चंद्रपूर नाही, पण रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखं. तिथलं जंगल निराळं आहे, वाघाचा त्रास जास्त, शेतं थेट झाडीला लागलेली. तिथं मी चांगलं काम केलं असेन, पण आलापल्लीच्या बाजूला होते तशी सुखात नाही. याची तक्रार करायचं माझं तोंड नाही. सकाळचा डबा आता मी करते. वेणी मुलगी स्वतःची स्वतः घालते, कुणाचीच गरज लागत नाही.

त्यांनी भाड्यानं गाळा घेऊन पुन्हा दुकान टाकलं. पण मधल्या काळात गिऱ्हाइकं पांगली होती. लोक आता प्लॅस्टिकचे कूलर घेतात, बिघडले की भंगारात देऊन नवे आणतात. दिवसाला एखाददुसरं काम येतं. ते तरी वेळेवर जातात, वेळेवर येतात.

या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी बसमधून उतरून दुकानात गेले होते. एक म्हातारे गृहस्थ जुन्या पत्र्याच्या कूलरची मोटर घेऊन आले. त्यांनी यांना ओळखलं.

"अरे भाऊ! कुठी होते इतके वर्षं? तुमचं दुकान किती धुंडलं मी."

"घरी होतो," हे म्हणाले.

"घरी? बिमार होते काय?"

"नाई. पोरगी लहान होती."

म्हाताऱ्यांना काही उमगलं नाही. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या वर्दीकडे. मग बहुतेक पोरीची आई गेली असं भलतंच काही समजून हळहळल्यासारखी मान हलवली. हे मोटर खोलू लागले होते. मी सांगायला हवं होतं, की पोरीची आई मीच, मी जंगलात होते, म्हणून हे घरी राहिले. ओठांवर आलंही होतं. पण म्हातारे भाव विचारू लागले, आणि मी बाकावरची यांची पाण्याची बाटली उचलून भरायला नळावर गेले.