माहूजच्या घराचा राखणदार

जपानी घरांत लहान मुलाचं भूत राहतं, असं माझ्या मुलीने शाळेतल्या पुस्तकात वाचलं. ते असेपर्यंत घराची भरभराट. ते निघून गेलं की उतरती कळा. आखातातल्या आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्येही ते आहे, हे तिने ठरवूनच टाकलं. भूतबीत काही नसतं म्हणून मी दहादा खेकसलो.

मग माझी नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल झाला.

"बाबा, डिड ही लीव्ह?"

"नाही गं. आपणच चाललोय."

"देन टेल हिम."

ते मात्र पटलं. आम्ही कोकणातले, घर बंद करताना राखणदाराला गाऱ्हाणं घालूनच निघतो. जायच्या सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी नारळ ठेवला, हात जोडले. गाऱ्हाण्यात आधी घर कुणाचं ते सांगायचं असतं. तिथेच अडलो. अकरा वर्षं राहिलो, पण मालकाचं नावच माहीत नव्हतं. कायम एजंट यायचा. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

शेवटी मुलगीच भिंतीकडे बघत म्हणाली, "यू डोन्ट नीड अ व्हिसा. यू कॅन स्टे."