न तपासता घेतलेला माणूस

काकाजी रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, आधारताल भागातल्या त्यांच्या कारखान्यात आम्ही तीसेक माणसं. यंत्रं सोडली तर कुणाचाच आवाज चढत नसे. शेजारच्या शेडमधला फोरमन म्हणायचा, "तुम्हारे यहाँ काम होता है कि पूजा?"

आम्ही गेज बनवतो, म्हणजे यंत्राचा एखादा भाग नेमका झाला आहे का हे तपासायची पोलादी मापं. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली. ग्रंथालयातली हंगामी नोकरी संपली म्हणून पत्रव्यवहाराच्या जागेसाठी इथे आले होते. काकाजींनी माझी प्रमाणपत्रं उघडलीच नाहीत. एक सळई आणि मायक्रोमीटर हातात दिला, तो कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "तीनदा मोजा, लिहा." माझे तीन आकडे तीन तऱ्हेचे आले. घाबरून मी खाली लिहिलं, 'माझा हात चुकत असावा.'

"हात नाही चुकून राहिला ताई, सळईच जागोजागी कमी-जास्त आहे. सकाळपासून चार इंजिनियर येऊन गेले. चौघांनीही एकच आकडा तीनदा लिहिला." पत्रव्यवहार बाजूला राहिला, मी तपासणीच्या खोलीत बसले ती बसलेच.

"चूक लपवायला फार अक्कल लागते," ते म्हणायचे. "तेवढी अक्कल असलेला माणूस आपल्याला परवडत नाही." एकदा शिवप्रसाद भैया तुटलेलं कटर घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. "काकाजी, हमसे टूट गया."

"अच्छा. अब चाय पे सबको बताओ, कैसे टूटा."

भैयांनी ते इतकं रंगवून सांगितलं की कुणीतरी म्हणालं, "भैया, एक और तोड़ दो, मज़ा आ गया." त्यानंतर कचऱ्याच्या डब्यात लपवलेलं हत्यार सापडल्याचं मला आठवत नाही. नवी माणसं महिन्याभरात हे शिकत. न शिकणारी आपणहून जात.

एकच माणूस त्यांनी न तपासता घेतला, त्यांचा पुतण्या सतीश. भाऊ लवकर गेलेला, मुलाला यांनीच वाढवलेलं. गेल्या वर्षी काकाजींचं हृदय थकलं. ते महाराजपुरातल्या घरी पडून असायचे. तिथूनच त्यांनी सांगून पाठवलं की पुढच्या महिन्यापासून तपासणीची खोली सतीश सांभाळेल. त्याच आठवड्यात सतीशची मापांची वही माझ्या हाती आली. त्याचा मायक्रोमीटर दुरुस्तीला गेला होता त्या दिवसाचेही आकडे तिच्यात सुबक अक्षरांत भरलेले होते.

हे त्यांच्या हृदयाला सोसेल का, आणि माझी नोकरी राहील का, या दोन्ही भीतींत मी दोन दिवस काढले. पण गप्प राहिले असते तर त्यांनी उभं केलेलं सगळं खोट्या आकड्यांच्या हाती गेलं असतं. तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या घरी गेले आणि ती कधी हाती आली तेही सांगितलं. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मला पलंगापाशी वाकावं लागलं.

"दोन दिवस काहून थांबल्या?"

"घरातला माणूस आहे, म्हणून."

"म्हणजे दोन दिवस तुम्ही माझं घर सांभाळलं. कारखाना कोण सांभाळून राहिलं होतं?"

दुसऱ्या दिवशी ते शिवप्रसाद भैयांच्या खांद्याला धरून आले. चहाच्या वेळी सतीशला जवळ उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाले, "याला मी न तपासता घेतलं, ही माझी चूक. याची हा सांगेल." सतीशने रडत सांगितलं. त्यात रंगवण्यासारखं काही नव्हतं, आणि कुणी हसलंही नाही. पाठवलेला माल परत मागवून पुन्हा मोजला. ग्राहकाला खरं कारण कळवणारं पत्र मीच लिहिलं. सतीश माझ्या हाताखाली नव्या माणसासारखा पहिल्यापासून शिकू लागला.

काकाजी पुढे दोनच महिने होते. त्यांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला तेव्हा सकाळ होती आणि सतीश आणि मी कामावर होतो. दुपारपर्यंत तसेच मोजत राहिलो. संध्याकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर सतीश आला तो डोकं भादरलेला. वही उघडून त्याने माझ्यापुढे ठेवली. "ताई, त्या सकाळची माझी मापं रद्द करा. मी पाहून राहिलो होतो, पण मला काही दिसत नव्हतं."

मी ती रद्द केली. मग माझी वही काढली आणि त्या सकाळचं माझं पानही रद्द केलं.