भाचीला ‘डल’ म्हणाले त्याची गोष्ट

शेलूबाजारहून जीपमध्ये बसलो तेव्हा माझ्याकडे एकच इंग्रजी शब्द होता, आणि तो मला इंझोरीला बहिणीच्या घरी पोहोचवायचा होता.

आदल्या दिवशी कामरगावचे पाहुणे भाचीला पाहून गेले होते. मध्यस्थ मी, आमच्याकडे होकार-नकार मध्यस्थानेच पोचवायचा. सकाळीच मुलाच्या वडिलांचा फोन आला. “भाऊ, पोरगी चांगलीच आहे. पण पोरगा म्हणते, जराशी डल वाटली.”

डल! सोयाबीनचा बाजार डल असतो, हे मी रोज ऐकतो. धुऊन धुऊन साडी डल पडते. तापातून उठलेल्याचा चेहरा डल दिसतो, पण तो चार दिवसांत उजळतो. अख्ख्या माणसाला डल? आणि तेही हिला, जी माझी चाल, माझा खोकला, माझं घोरणंसुद्धा हुबेहूब करून दाखवते?

जीपमध्ये मला आठवलं, तिला तसं बसवणारा मीच. पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात दम भरला होता, “इचारलं तेवढंच सांगजो. हासू नोको. मान वर करू नोको.” पोरीने भूमिका चोख केली. आणि मुलगा तिला आवडला होता, हे बहिणीने रात्रीच कळवलं होतं. त्यात डाव्या पायाची चप्पल कालपासून चावत होती.

दारातच भाची उभी. “काय म्हनलं त्यायनं?”

“कळवतो म्हनले.”

“मामा, तुमचं तोंड येगळंच सांगून राह्यलं.”

सांगितलं. बहीणही बाहेर आली. भाचीने माझ्या पायांकडे पाहिलं. “मी मान खाली घालून बसली, म्हून मले एकटीलेच दिसलं. जाताना पोरगा तुमची एक चप्पल घालून गेला. हासू दाबता दाबता पोट दुखलं माह्यं. अन् मी डल?”

माझ्या हातातला फोन घेऊन तिने सरळ मुलालाच लावला, स्पीकरवर. बहिणीने माझा दंड घट्ट धरला.

“तुमच्या चपला पाहा बरं. दोन्ही तुमच्याच आहेत काय?”

“थांबा.” मग पावलं. मग काहीच नाही. फोन ठेवला की काय?

एकदम तिकडे हसण्याचा स्फोट. “तुमाले कालच दिसलं होतं? मंग बोलल्या काहून नाही?”

“मामानं मना केलं होतं.”

“उद्या येतो चप्पल घेऊन. मामाले बाहेर बसवा.”

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर अनवाणी बसलो. आतून माझा खोकला ऐकू आला. मी तर खोकलोच नव्हतो! त्यावर दोघांचं हसणं.

तासाभराने तो बाहेर आला. दोन्ही पाय नीट पाहून चपला घातल्या, माझी माझ्यापुढे ठेवली आणि वाकून म्हणाला, “येतो, मामा. बाबाले मीच सांगतो.”

परवापर्यंत तो मला काका म्हणायचा.