माझं पहिलं गाऱ्हाणं

बाबांची वाचा गेली, त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी देवाशी एक शब्दही बोलले नाही. रुसले होते असं नाही. रोज आंघोळ झाली की दिवा लावत होते, उदबत्ती फिरवत होते, पण हात जोडल्यावर आतून काही निघत नव्हतं. मागून काही मिळतं यावर माझा विश्वास आहे का, हेही मला नक्की माहीत नव्हतं. इतकी थकले होते की तो प्रश्नसुद्धा मला जास्तीचं काम वाटायचा.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू थोडा हलायला लागला. बोलणं मात्र आलं नाही. त्यांना सगळं समजायचं, म्हणून जास्त वाईट वाटायचं. विक्रोळीहून आठवड्यातून दोनदा मी त्यांना रिक्षाने घाटकोपरच्या एका रुग्णालयात न्यायची. तिथे बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडम चित्रांची कार्डं समोर धरायच्या. कप, छत्री, गाय. सुरुवातीला बाबा ओठ हलवायचे. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने गाईचं कार्ड उलटं केलं आणि भिंतीकडे मान फिरवली. त्यानंतर ते प्रयत्नच करेनात. कारखान्यात ज्यांची हाक मशीनच्या आवाजावरून ऐकू जायची, त्यांना गाय म्हणा, गाय म्हणा असं सांगताना मलाच लाज वाटायची. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हेच महिने महत्त्वाचे आहेत. त्यांनीच सोडून दिलं, तर आम्ही काही करू शकणार नाही."

हे मी आईला अर्धंच सांगितलं. अंधेरीच्या ऑफिसात तर बाबा आजारी आहेत यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, तू किती स्ट्राँग आहेस. मी हसायची. मी स्ट्राँग नव्हते, मी फक्त गप्प होते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

हा गप्प राहण्याचा स्वभाव कुठून आला, तेही सांगते. आम्ही मूळचे कोकणातले. आमच्याकडे गणपतीत किंवा घरातल्या कुठल्याही मोठ्या कामाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर मागे उभी असलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." आमच्या चाळीत हे काम बाबांचं. मी इंग्रजी शाळेत जाणारी, मला गाऱ्हाणं म्हणजे टीचरकडे केलेली कंप्लेंट एवढंच माहीत. दहावीच्या वर्षी बाबांनी माझ्यासाठी नारळ ठेवला. सगळे शेजारी जमले होते. बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवाचा दहावीचा वर्स आसा. गणितात ता कच्चा आसा रे म्हाराजा!" आणि अख्खी चाळ एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मी गणितात कच्ची आहे यावर एवढं एकमत! सगळे हसले, बाबाही हसले. मी आतल्या खोलीत जाऊन रडले आणि तेव्हाच ठरवलं, माझं काही असलं तरी ते असं चारचौघांत कधी येऊ द्यायचं नाही. ते मी नीट पाळलं.

रुग्णालयातल्या बाकावर एक वयस्क कॅथलिक बाई असायच्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात कापडी पिशवी, शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांचा नवरा. बाबांनी कार्ड उलटं केल्याच्या पुढच्या आठवड्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"बाबा बोलत नाय काय तुझा?"

"नाही."

"आणि तुझं काय झालं? तुझं पण तोंड गेलं काय? इतके दिवस बघते, हो-नाहीच्या पुढे गाडी जात नाय."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे.

"कोणाला सांगतेस की नाय?" त्यांनी विचारलं.

"काय सांगायचं, आंटी? देवाला माहीत असेलच ना."

"त्याला माहीत आहे गं. पण सांगायचं ते त्याच्यासाठी थोडंच? मी चिठ्ठी लिहिते. वाकोल्याला आमच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचतात. मग सगळे मिळून माझ्या ह्या म्हाताऱ्यासाठी मागतात. मी एकटीने कशाला ओरडायचं?"

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पहिल्या दिवशी वाटते." मग नवऱ्याचं नाव पुकारलं तशा त्या उठल्या. "तुमच्यात काय करतात ते तू कर," असं म्हणून खुर्ची ढकलत आत गेल्या.

पुढच्या वेळी त्या दिसल्या नाहीत, त्यानंतरही कधी नाहीत. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी मी नारळ आणला. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि उभी राहिले. घरात आम्ही तिघंच, तरी दहावीतली तीच लाज वाटत होती. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. माझी मालवणी ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बाबांची वाचा गेली आसा रे म्हाराजा." मागून आई हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." "ती तू परत दी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." बाबांनी मान वळवली नाही.

मला येत होतं तेवढं संपलं. पुढचे शब्द बाबांचे होते आणि ते मला पाठ नव्हते. मग मी माझ्या साध्या मराठीतच बोलले. "देवा, मी दमले. मी कोणाला सांगितलं नाही. बाबा परत माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, अशी मला भीती वाटते. मला आता हे एकटीने होत नाही."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती "व्हय" म्हणायचं विसरली. माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. गाऱ्हाण्याचं वाक्य असं उत्तराशिवाय राहत नसतं, हे आमच्या घरात एकाच माणसाला नीट माहीत होतं.

"व्हय... म्हा... राजा."

आवाज घोगरा होता, तोंड वाकडं होत होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. आईने पिठाचेच हात तोंडावर धरले.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी, जन्मभर म्हटलेले शब्द डोक्यात वेगळ्या ठिकाणी जपलेले असतात. तसं असेल. मी वाद घातला नाही. मला एवढंच आठवतं, की मी त्यांची वाचा मागितली तेव्हा ते गप्प होते, आणि मी दमले म्हटलं तेव्हा बोलले.

त्यानंतर बाबा पुन्हा कार्डं बघायला लागले. गाय म्हणायला महिना गेला. अजूनही शब्द थोडेच आहेत. चहा हवा का विचारलं तरी "व्हय", नको का विचारलं तरी "व्हय". आई वैतागून म्हणते, "अहो, एक काय ते ठरवा!" आणि ते तिरकं हसतात. ते पूर्वीसारखे बोलतील का, माहीत नाही. पण खंबीर राहणं म्हणजे दात आवळून उभं राहणं, असं आता मला वाटत नाही. आपल्याला पेलत नाही ते मोठ्याने देवाच्या पायाशी ठेवायचं, आणि मागे कोणीतरी उभं राहू द्यायचं, इतकंच मी शिकले. त्या आंटींचे आभार मानायचे राहिले, म्हणून हे लिहिलं.

आता दर रविवारी देवासमोर मी उभी राहते. लाज अजून वाटते, पण कमी. या रविवारी मी त्याला सांगितलं, की मी अजूनही दमते रे म्हाराजा.

मागून दोन आवाज आले.